बोलणारे यंत्र आणि बखरीची परीक्षा : चॅटबॉटची साठ वर्षे

१/
स्थळ : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी. काळ : १९६० च्या दशकाचा मध्य. एका प्राध्यापकांच्या चिटणीस बाई विद्युत टंकयंत्रापुढे बसल्या आहेत. तारेच्या दुसऱ्या टोकाला संगणक आहे. बाई एक वाक्य टंकित करतात, संगणक त्याखाली उत्तर छापतो. काही वाक्यांची देवाणघेवाण होते न होते तोच बाई प्राध्यापकांना खोलीबाहेर जाण्याची विनंती करतात. त्यांना संगणकाशी खासगी बोलायचे असते.

२/
यातील नवल असे की समोरची आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला प्रोग्रॅम म्हणतो ती, त्याच प्राध्यापकांनी लिहिली होती. बाईंनी त्यांना कित्येक महिने ती लिहिताना पाहिले होते. आत कोणी बसलेले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही दार लोटून घ्यावेसे वाटले.

आज अशी खोली प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून हा थ्रेड. बोलणाऱ्या यंत्राचा इतिहास पाहू, आणि त्यातून एका व्यावहारिक प्रश्नाकडे येऊ : कोणता चॅटबॉट निवडावा, कोणत्या कामासाठी, आणि त्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी?

३/
आरंभ १९५० पासून करावा लागेल. त्या वर्षी इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात एक निबंध लिहिला. यंत्र विचार करू शकते का, हा प्रश्न फार संदिग्ध आहे असे म्हणून त्यांनी त्याऐवजी एक खेळ सुचवला. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र. प्रश्न लेखी, उत्तरेही लेखी. विचारणाऱ्याला माणूस कोण ते ओळखता येते का?

पन्नासेक वर्षांत पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला अचूक ओळखण्याची शक्यता सत्तर टक्क्यांहून अधिक राहणार नाही, असे भाकीतही त्यांनी वर्तवले होते.

४/
या खेळात एक गोष्ट सहज नजरेआड होते. यंत्राचे म्हणणे खरे आहे की खोटे, याची परीक्षा येथे घेतली जात नाही. परीक्षा घेतली जाते ती माणसासारखे वाटण्याची. पुढच्या पाऊणशे वर्षांतील बराच घोटाळा ‘वाटणे’ आणि ‘असणे’ यांच्या या सरमिसळीतून उद्भवला आहे. हा मुद्दा मनात असू द्यावा. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

५/
आता त्या प्राध्यापकांकडे वळू. जोसेफ वायझेनबाउम. जन्म १९२३, बर्लिन. ज्यू कुटुंब. हिटलरच्या राजवटीत १९३६ साली कुटुंबासह अमेरिकेत आले. गणित शिकले, संगणकक्षेत्रात शिरले आणि १९६३ मध्ये एमआयटीत दाखल झाले. जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी आपल्या आज्ञावलीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज्ञावलीचे नाव : एलायझा.

६/
हे नाव मराठी वाचकाला परके नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुले विकणारी मुलगी म्हणजे एलायझा डूलिटल. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी रंगभूमीवर अजरामर झाली.

भाषाशास्त्राचा प्राध्यापक रस्त्यावरच्या मुलीला अभिजनांची भाषा शिकवतो, आणि तिचे बोलणे ऐकून लोक तिला उच्चकुलीन समजतात. वायझेनबाउम यांनी हे नाव जाणूनबुजून निवडले होते. बोलणे सुधारता येते. ऐकणारा त्यावरून बाकी सारे गृहीत धरतो.

७/
एलायझाची रचना अगदी साधी होती. तिची सर्वांत गाजलेली भूमिका ‘डॉक्टर’ या नावाची. या भूमिकेत ती मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेई. रुग्णाचेच वाक्य प्रश्नरूपाने त्याला परत करण्याची उपचारपद्धती तेव्हा प्रचलित होती. यंत्राला ती सोयीची पडली, कारण अशा तज्ज्ञाला जगाची काहीच माहिती नसली तरी संभाषण अडत नाही.

एलायझा वाक्यात ठरावीक शब्द शोधी, ‘माझे’ असेल तेथे ‘तुमचे’ करी आणि उरलेले वाक्य एखाद्या तयार साच्यात बसवी. एकही ओळखीचा शब्द सापडला नाही तर ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे काहीतरी छापून वेळ मारून नेई.

८/
मराठीत उदाहरण करून पाहू.

माणूस : माझे घरी कुणाशीच पटत नाही.
यंत्र : तुमचे घरी कुणाशीच पटत नाही, असे तुम्हांला का वाटते?
माणूस : आई सतत बोलत असते.
यंत्र : तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा.

‘आई’ हा शब्द दिसला की ‘कुटुंब’ हा साचा, इतकेच. घर म्हणजे काय, आई म्हणजे कोण, न पटणे म्हणजे काय दुःख, यांपैकी कशाचाही यंत्राला पत्ता नाही. संभाषणातील सगळा अर्थ टंकयंत्रापुढे बसलेल्या माणसाने स्वतःच्या पदरचा घातलेला असतो.

९/
चिटणीस बाईंची हकिकत वायझेनबाउम यांनीच १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. त्यांना आणखी एका गोष्टीने धक्का दिला. काही मानसोपचारतज्ज्ञ गंभीरपणे लिहू लागले की अशा आज्ञावलीने रुग्णालयांतील रुग्णांवर मोठ्या प्रमाणात उपचार करता येतील.

ज्याने यंत्र घडवले तोच त्याचा टीकाकार झाला. यंत्राला काय करता येईल, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. कोणते काम यंत्राकडे सोपवू नये, हेही ठरवावे लागते, असे त्या पुस्तकाचे सार सांगता येईल. हे कित्येक सहकाऱ्यांना रुचले नाही. माणूस यंत्राच्या ठायी मनाचा आरोप करतो, त्या प्रवृत्तीला आज ‘एलायझा परिणाम’ म्हणतात.

१०/
१९७२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांच्या ‘पॅरी’ने उलट बाजूचे सोंग घेतले. पॅरी म्हणजे संशयाने पछाडलेला रुग्ण. त्याची संभाषणे आणि खऱ्या रुग्णांची संभाषणे तज्ज्ञांपुढे ठेवली, तेव्हा त्यांचे निदान नाणेफेकीपेक्षा फारसे अचूक ठरले नाही.

त्याच वर्षी आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून पॅरी आणि डॉक्टर यांची गाठ घालून देण्यात आली. दोन यंत्रे तारेवरून बोलली. एक दुखणे सांगत होते, दुसरे आस्थेने विचारपूस करत होते. दुखणे मात्र कोणालाच नव्हते.

११/
पुढच्या काळात चॅटबॉट व्यवहारात उतरले, तेही माफक अपेक्षा ठेवून. २००१ मध्ये अमेरिकेत ‘स्मार्टरचाइल्ड’ हवामान आणि खेळांचे निकाल सांगू लागला. आपल्याकडे आयआरसीटीसीने २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आस्क दिशा’ सुरू केली. बँकांचे आणि विमा कंपन्यांचे असे साहाय्यक आपण सर्वांनी वापरले आहेत. ‘खालीलपैकी पर्याय निवडा’ असे सांगणारे.

ते कंटाळवाणे होते, पण त्यांची एक बाजू विसरू नये. ते बहुधा नोंदवहीतून बोलत. विचारलेली गोष्ट नोंदवहीत नसेल तर गप्प बसत किंवा चुकीचा पर्याय दाखवत. नवी नोंद रचून सांगण्याची कला त्यांच्या अंगी नव्हती.

१२/
नोंदवही सोडून लोकांच्या बोलण्यातूनच शिकणारे यंत्र केले तर? मायक्रोसॉफ्टने २३ मार्च २०१६ रोजी ट्विटरवर ‘टे’ नावाचा चॅटबॉट सोडला. खोडसाळ मंडळींनी त्याला वाटेल ते बोलायला लावले. तो द्वेषाची भाषा बोलू लागला आणि अवघ्या सोळा तासांच्या आत कंपनीला तो बंद करावा लागला.

यंत्र ज्या मजकुरावर पोसले जाते तसे ते बोलते. हा धडा त्या दिवशी जगाने जाहीरपणे पाहिला.

१३/
खरे वळण जून २०१७ मध्ये आले. गूगलमधील आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या आठांत भारतात शिकलेले दोघे होते : आशिष वासवानी आणि पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातून अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमार. चॅटजीपीटीच्या नावातील शेवटचा ‘टी’ याच ट्रान्सफॉर्मरचा.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआयने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले. पाच दिवसांत दहा लाख लोकांनी नावनोंदणी केली. पाठोपाठ जेमिनी, क्लॉड, कोपायलट असे अनेक आले.

१४/
हे नवे यंत्र एलायझापेक्षा फार निराळे आहे. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित त्याने आत्मसात केलेले असते. उत्तर देताना ते एकेक तुकडा त्या संभवानुसार मांडत जाते. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला वळणही लावले जाते.

त्यामुळे ते सारांश काढते, अनुवाद करते, हिशेबाचे सूत्र लिहून देते. एलायझाला यांतले काही जमत नव्हते. हे सामर्थ्य खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘संभाव्य वाक्य’ आणि ‘सत्य वाक्य’ या दोन वस्तू निराळ्या आहेत. बहुतेक वेळा त्या एकत्र नांदतात. कधी नांदत नाहीत, तेव्हा वाक्याच्या ठेवणीवरून ते कळत नाही.

१५/
मग याच्याशी वागावे कसे? येथे मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला एक आयते हत्यार सापडते : साधनचिकित्सा.

आपल्याकडे बखरी आहेत. ओघवती भाषा, रंगतदार प्रसंग, संवादांची पखरण. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीपासून पेशवाईच्या अखेरच्या काळातील चिटणिसांच्या बखरीपर्यंत. आणि आपल्याकडे अस्सल कागद आहेत : पत्रे, महजर, हिशेब, शकावल्या. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदाचा आग्रह धरला आणि बखरींवर कठोर टीका केली.

१६/
चॅटबॉटचे उत्तर हे जातीने बखरीचे उत्तर आहे.

बखरकार प्रत्येक प्रसंगी हजर नसतो. ऐकलेले, वाचलेले, लोकांच्या तोंडी असलेले तो एकजीव करतो. दुवा निसटला असेल तेथे शोभेलसा दुवा जोडतो. तो दर वेळी लबाडी करतो असे नव्हे. कथा अखंड ठेवणे हे त्याचे काम असते. चॅटबॉटही अखंड बोलतो. म्हणून बखर जशी टाकून द्यायची नसते आणि तीवर विसंबूनही राहायचे नसते, तसेच याचे. वाचावी, दुवे टिपावेत, आणि कागद शोधायला निघावे.

१७/
हे नुसते रूपक वाटू नये म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांची जन्मतिथी. अनेक उत्तरकालीन बखरींत आणि ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात जन्माचे वर्ष १६२७ आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेच छापले गेले, तेच शिकवले गेले.

१९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याकडील शकावली प्रसिद्ध केली. तीत जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा होता, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे १९२७ साली छापले गेलेले परमानंदाचे ‘शिवभारत’ही याच तिथीला दुजोरा देणारे निघाले. वाद अनेक दशके चालला. अखेर महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

१८/
आता कल्पना करा. १९१५ साली एखादे यंत्र असते, आणि तोवर छापला गेलेला सगळा मजकूर त्याला वाचायला दिला असता. जन्मवर्ष विचारल्यावर त्याने काय सांगितले असते? १६२७. क्षणाचाही विलंब न लावता, उत्तम भाषेत.

कारण मजकुरात बहुमत १६२७ चे होते. कारीच्या जेध्यांच्या दप्तरातील ती एक शकावली बहुमतापुढे एकटी होती, आणि यंत्राने ती वाचलेलीच नसती. जे वारंवार लिहिले गेले ते संभाव्य ठरते. इतिहास मात्र पुष्कळदा एका कागदाने फिरतो. मराठीसारख्या भाषेत तर हा धोका अधिक. आपली कितीतरी दप्तरे अजून मोडीतच आहेत, रुमालांत बांधलेली.

१९/
बखरीवर विसंबल्याची किंमत काय असते, हे आता न्यायालयांच्या नोंदींत पाहायला मिळते.

न्यूयॉर्कमध्ये ॲव्हियांका या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सहा निवाड्यांचे दाखले दिले. एकही निवाडा अस्तित्वात नव्हता. सगळे चॅटजीपीटीने रचलेले. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला.

यातील बोधप्रद तपशील निराळाच आहे. निवाडे खरे आहेत ना, असे त्या अनुभवी वकिलाने विचारले होते. पण विचारले ते त्याच चॅटबॉटला! त्याने अर्थातच ‘होय’ म्हटले. बखर खरी आहे की नाही हे बखरकारालाच विचारण्यासारखे हे झाले.

२०/
आपल्याकडेही हे घडले. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका व्यापारचिन्हाच्या दाव्यात स्पष्ट केले की चॅटजीपीटीची उत्तरे न्यायनिवाड्याचा आधार होऊ शकत नाहीत. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्राप्तिकर आकारणीचा आदेश आला, ज्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे मुळी अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांवर डोळे मिटून विसंबू नये, अशी समज दिली.

येथे चूक करदात्याची नव्हती. दुसऱ्याच्या टेबलावर न तपासलेले वाक्य आपल्या नावाच्या कागदावर येऊन बसू शकते, हे यातून शिकायचे.

२१/
आता व्यापाराकडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे प्रवासाला निघालेल्या एका कॅनेडियन नागरिकाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला सवलतीच्या भाड्याविषयी विचारले. आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांत अर्ज करा, असे उत्तर मिळाले. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. सवलत नाकारली गेली. प्रकरण न्यायाधिकरणात गेले.

कंपनीचा बचाव ऐकण्याजोगा होता : चॅटबॉट हा स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि कंपनीला सुमारे ८१२ डॉलर द्यायला लावले.

२२/
रक्कम लहान, तत्त्व मोठे. पेढीवरच्या मुनिमाने गिऱ्हाइकाला शब्द दिला तर तो पेढीचा शब्द असतो. यंत्राला मुनीम केले म्हणून हा नियम बदलत नाही.

न्यूयॉर्क शहराने ऑक्टोबर २०२३ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी चॅटबॉट आणला. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी त्याला प्रश्न विचारून पाहिले. कामगारांना मिळालेल्या बक्षिशीत मालकाने वाटा घेतला तरी चालते, दुकानदाराने रोख रक्कम नाकारली तरी चालते, असा सल्ला तो देत होता. त्या शहरात दोन्ही गोष्टी बेकायदा आहेत. ज्या हॉटेलवाल्याने हा सल्ला मानला असता, दंड त्याला भरावा लागला असता.

२३/
स्वीडनच्या क्लार्ना या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की तिच्या चॅटबॉटने पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणे हाताळली, म्हणजे ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतके काम केले. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य केले आणि ग्राहकांशी बोलण्यासाठी माणसे पुन्हा नेमायला घेतली. चॅटबॉट काढून टाकला नाही, माणूस परत आणला.

नेहमीचे प्रश्न यंत्राकडे आणि अडलेले गिऱ्हाईक माणसाकडे, ही वाटणी मोठ्या कंपनीला अनुभवाने उमगली. लहान दुकानदाराने ती पहिल्या दिवसापासूनच करावी.

२४/
पुन्हा एकदा एमआयटीच्या त्या बंद दाराकडे जाऊ. वायझेनबाउम यांनी त्या काळी एक प्रस्ताव मांडला होता : लोकांची एलायझाशी झालेली संभाषणे जतन करावीत, म्हणजे ती पुढे अभ्यासता येतील. लोक संतापले. हे आमच्या अंतरंगात डोकावणे आहे, असे त्यांना वाटले. यंत्रापाशी आपण काय बोलून गेलो आहोत, हे त्यांना तेव्हा जाणवले.

२०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा गोपनीय संगणकीय मजकूर चॅटजीपीटीत टाकला, आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांना बंदी केली. दार लोटले तरी खोलीत तिसरा असतो : ती सेवा चालवणारी कंपनी. गिऱ्हाइकांचे फोन, आधार क्रमांक, रुग्णाचा अहवाल, दुकानाची उधारीची वही, हे सारे तेथे टाकण्यापूर्वी जतनाविषयीचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन पाहावा. शंका असेल तर नावे आणि क्रमांक खोडून टाकावेत.

२५/
आता निवड. कोणता चॅटबॉट चांगला, याचे उत्तर दर काही महिन्यांनी बदलते, म्हणून नाव सांगण्यापेक्षा परीक्षा सांगतो.

• आपल्याला ज्याचे उत्तर पक्के माहीत आहे असे दहा प्रश्न काढा. आपल्या गावाचे, आपल्या धंद्याचे, आपल्या अभ्यासविषयाचे. निम्मे मराठीत विचारा.
• दोनचार प्रश्न न घडलेल्या गोष्टींविषयी विचारा. ‘माहीत नाही’ म्हणणारा चॅटबॉट अधिक मोलाचा.
• आधार मागा, आणि दिलेला दुवा स्वतः उघडा. पुस्तक सांगितले तर पृष्ठ काढून पाहा.
• बरोबर उत्तरावर ‘हे चूक आहे’ असे खोटेच म्हणून पाहा. लगेच माघार घेणारा चॅटबॉट तुमच्या कलाने बोलतो आहे.

या परीक्षेला एक संध्याकाळ पुरते. फुकटचा आणि पैशाचा, दोन्ही एकाच प्रश्नपत्रिकेवर तपासा. मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.

२६/
वापराचाही एक नियम बखरीवरूनच निघतो. कागद आपण द्यावा, काम त्याला सांगावे. ‘अमुक कायदा काय म्हणतो?’ असे विचारण्यापेक्षा कायद्याचा मजकूर समोर ठेवून ‘यातील मुदतीची कलमे काढून दे’ म्हणावे. दुकानासाठी वापरायचा असेल तर आपले दरपत्रक, वेळा आणि परतीचे नियम त्याच्या हाती द्यावेत, आणि त्याबाहेरचा प्रश्न आला की फोन नंबर देण्याचीच मुभा ठेवावी.

अर्जाचा मसुदा, लांब अहवालाचा गोषवारा, मुलाखतीसाठी प्रश्नांची यादी, इंग्रजी पत्राचा मराठी अर्थ : येथे तो खरोखर हाताखालचा कारकून आहे. चूक झाली तर आपल्या नजरेला पडते. औषधाची मात्रा, न्यायालयाची तारीख, कराची रक्कम, निवाड्याचा दाखला : येथे त्याचा शब्द हा केवळ दुवा. शिक्का मूळ कागदाचा.

२७/
इतिहासप्रेमी मित्रांना एक वेगळी विनंती. आपण थ्रेड लिहितो, रील करतो. चॅटबॉटने रचलेले एखादे ‘अस्सल पत्र’ आपण न तपासता टाकले, तर उद्या ते दहा ठिकाणी उतरेल. परवा तोच मजकूर यंत्र वाचेल आणि तेरवा तेच उत्तर म्हणून परत देईल. १६२७ सारखे नवे बहुमत तयार होईल, आणि ते आपण तयार केलेले असेल. जुन्या बखरकाराची बखर हाताने नकलून पसरायला पिढ्या लागत. आता एक दुपार पुरे.

२८/
शेवटी एलायझाचीच एक गोष्ट. ती इतकी लोकप्रिय झाली की तिच्या नकला निघाल्या, निराळ्या संगणकीय भाषांत. मूळ आज्ञावली मात्र प्रसिद्धच झाली नव्हती. कित्येक दशके जग ज्या एलायझा पाहत होते त्या नकला होत्या, आणि एलायझाविषयीच्या कित्येक समजुती त्या नकलांवर बेतलेल्या.

२०२१ मध्ये एमआयटीच्या अभिलेखागारात वायझेनबाउम यांच्या कागदपत्रांच्या पेटीत मूळ आज्ञावलीचा छापील कागद सापडला. पुढे अभ्यासकांनी त्यावरून जुन्या संगणकाच्या प्रतिकृतीवर ती पुन्हा चालवून दाखवली. बोलणाऱ्या यंत्राचा स्वतःचा इतिहासही असा अस्सल कागदानेच दुरुस्त झाला.

२९/
चिटणीस बाईंना हसू नये. उत्तर देणाऱ्याला मन असते, हे माणसाने हजारो वर्षांच्या सहवासातून शिकलेले आहे. ती सवय एका यंत्राने सुटणार नाही. पण सवय आहे हे ठाऊक असणे आपल्या हाती आहे. यंत्राने सुंदर उत्तर दिले की त्याचे कौतुक करावे, आणि राजवाडे असते तर जे पहिल्याप्रथम विचारले असते ते विचारावे : याला कागद कोणता?

बहुत काय लिहिणे? थ्रेड उपयोगी वाटला तर पुढे पाठवा, आणि यातील एखादे विधान चुकलेले आढळले तर आधारासह खाली सांगा. दुरुस्ती करेन. लेखनसीमा.